ओट्यासमोरची भिंत

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मी वास्तुदोषासाठी बुजवली, असं घरातली आणि गल्लीतली सगळी माणसं समजत आली. तसं नाही. मला वास्तूतलं काही कळत नाही. ज्या जाणकाराचा शब्द पुढं करून मी ती खिडकी विटांनी बंद केली, तो जाणकार कधी नव्हताच. बावीस वर्षं हे मी कुणाला बोललो नाही. आईला नाही, बायकोला नाही, मुलीला नाही. मी मुळातच कमी बोलणारा माणूस. त्यामुळं एखादी गोष्ट सांगायची राहिली तरी कुणाच्या ध्यानात येत नाही.

घर जालना रोडपासून आत, एका जुन्या वसाहतीत. रो हाउस. एकामागं एक तीन खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या, आणि शेवटचा डबा स्वयंपाकघर. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती सामाईक, मागं दार नाही. उजेड यायचा तो एकाच ठिकाणाहून, ओट्यासमोरच्या दक्षिणेच्या खिडकीतून. खिडकीपलीकडं चार फुटांची सांडपाण्याची बोळ, आणि बोळीपलीकडं मागच्या गल्लीतल्या घराचं परसू. आमची घरं पाठीला पाठ लावून उभी. पुढच्या दारानं त्या घरी जायचं तर अख्ख्या वसाहतीला वळसा पडायचा.

त्या परसात धुण्याचा दगड होता आणि त्या दगडावर सकाळ-दुपार आक्का असायच्या. आक्का हे बायकोनं दिलेलं नाव. माझी बायको पाचोडकडची. लग्न होऊन शहरात आली तेव्हा इथं तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. नवरा होता, पण तो बोलत नव्हता. सासू होती, ती बोलायची, पण सासूसारखी. आक्का तिच्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठ्या. दोघींनी हात लांबवला की या घरातली वाटी त्या घरात पोचायची.

"तुझं वरण लागतंय बघ खाली," आक्का पलीकडून म्हणायच्या. "तुझ्या घरात काय शिजतंय ते तुझ्या नवऱ्याच्या आधी मला कळतं."

"मग जेवायला बी तुम्हीच या," बायको म्हणायची. "त्यांना तर कळून बी काय फरक पडत नाय."

आक्कांचे यजमान अचानक गेले. त्यानंतर आमच्या बाजूच्या बायकांनी त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. कुणी ठरवून केलं असं नाही, आपोआप झालं, जसं अशा गोष्टींचं होतं. त्या संक्रांतीला बायकोनं तिळगुळाबरोबर कुंकवाचा करंडाही खिडकीतून पुढं केला. आक्कांनी तिळगूळ घेतला आणि करंडा हळूच मागं सारला. पण त्या दुपारी दोघी बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. मी घरातच होतो. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही.

जे ऐकू आलं ते त्यानंतर काही महिन्यांनी.

मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. बढतीसाठी खात्याची परीक्षा द्यावी लागायची. ती मी तिसऱ्यांदा नापास झालो होतो. आईला सांगितलं होतं, निकाल लागला नाही अजून. खरं फक्त बायकोला ठाऊक होतं. त्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारीच घरी आलो. दार लोटलेलं होतं. चपला काढतो तोवर आतून बायकोचा आवाज आला.

"तिसऱ्यांदा बी नाय झाले, आक्का. पुस्तक उघडून बसतात बिचारे. लई वाईट वाटतं बघून. मी आपलं काय विचारीत नाय."

"नकोच विचारू. विचारलं की लागतं पुरुषाला."

"बोलले तर बरं वाटंल ना त्यांनाच. पण छे. जेवताना बी तोंड उघडत नाय. भाकरी पाहिजे असली की ताट असं पुढं सारतात." आणि मग ओट्यावरून ताट सरकवल्याचा आवाज आला. तिनं करून दाखवलं असणार. दोघी हसल्या.

आज हे लिहिताना मला त्यात कुचेष्टा दिसत नाही. चेष्टा होती, मायेची. पण त्या दिवशी मला दोनच गोष्टी ऐकू आल्या, एक 'बिचारे' आणि दुसरा तो ताटाचा आवाज. मी पुन्हा चपला घातल्या, बाहेर पडलो, चहाच्या टपरीवर बसून राहिलो आणि रोजच्या वेळेला घरी आलो. कुठं होतात, असं कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. जेवताना मी ताट पुढं सारायला हात उचलला आणि परत घेतला. एक भाकरी कमी खाऊन उठलो. ती सवय पुढं कायमची झाली.

भांडलो असतो तर बरं झालं असतं. भांडायला बोलावं लागतं.

पुढच्याच महिन्यात आई आजारी पडली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, घरी आणली, पण ताप हटेना. नातेवाईक बघायला येत आणि जाताना काहीतरी सुचवून जात. एक चुलतमामा म्हणाले, "घरात काही दोष नाही ना, बघून घ्या एकदा." बायको घाबरलेली होतीच. त्या दिवशी पानावर बसल्याबसल्या मी म्हणालो, "ऑफिसात एक जाणकार आहेत. त्यांना घराचा नकाशा दाखवला. ओट्यासमोर दक्षिणेची खिडकी नको म्हणाले. बुजवून टाका म्हणाले."

कित्येक आठवड्यांत मी एका दमात इतकं बोललो नव्हतो. म्हणूनही असेल, तिनं ते लगेच खरं मानलं.

"पडदा लावला तर चालंल का?" तिनं विचारलं.

"नाही."

"अर्धी ठेवली तर? वरची झडप?"

"नाही."

आईला ती आत्याबाई म्हणायची. म्हणाली, "आत्याबाई बऱ्या व्हायला पायजेत. बुजवा."

रविवारी एक मजूर आणला. मी स्वतः विटा हातात देत होतो. तिसरा थर चढत असताना आक्का कपड्यांची बादली घेऊन परसात आल्या. बघत उभ्या राहिल्या.

"काय झालं गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"आत्याबाईंचा ताप उतरंना, आक्का. ह्या बाजूनं दोष हाय म्हणतात."

"ह्या बाजूनं?"

"व्हय ना."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी वीट पुढं केली. "बुजवा मग," त्या म्हणाल्या. "आजारी माणूस आहे घरात." आणि कपडे न धुताच बादली उचलून आत गेल्या.

यजमान जाऊन वर्ष झालेलं नव्हतं. सकाळी उठून ओट्याशी उभ्या राहणाऱ्या सवाष्णीच्या नजरेस रोज त्यांचं तोंड पडत होतं. 'ह्या बाजूनं दोष' म्हणजे कोणाचा, हे त्यांनी त्या क्षणी स्वतःवर घेतलं. त्यांना तसं वाटलं हे मला कळलं. बायकोच्या मात्र ध्यानीमनी नव्हतं, ती आईच्या काळजीनं डोळे पुशीत होती. मी एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. ते वाक्य काय हेही मला ठाऊक होतं. मी पुढची वीट दिली.

आईचा ताप आठवडाभरात उतरला. डॉक्टरांनी औषध बदललं होतं. पण आई पुढं बारा वर्षं जगली आणि तेवढी वर्षं भेटेल त्याला सांगत राहिली, भिंत घातली आणि मी उठले. बायकोनं त्या भिंतीच्या गिलाव्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दर दसऱ्याला ते नव्यानं काढलं जायचं. त्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, फळी लावायची नाही, हा घराचा नियम झाला.

बायको एकदा पुरणपोळ्या घेऊन वळसा घालून आक्कांकडं गेली. आक्कांनी डबा दारातच घेतला, दारातच रिकामा करून दिला. आत ये म्हणाल्या नाहीत. काही वर्षांनी त्यांच्या मुलानं बीड बायपासला फ्लॅट घेतला, त्या तिकडं गेल्या आणि मागचं घर विकलं गेलं.

"आक्का बदलल्या," बायको म्हणाली. "पोरगा कमावता झाला की माणूस बदलतं."

मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

आता अंधाराबद्दल लिहितो.

बाहेर मराठवाड्याचं ऊन डोळे दिपवत असायचं आणि आमच्या स्वयंपाकघरात भर दुपारी बटण दाबावं लागायचं. ट्यूब कुठं लावायची? समोरच्या भिंतीवर खिळा चालत नव्हता, म्हणून ती ओट्याच्या पाठीमागच्या भिंतीवर लावली. त्यामुळं बायको ओट्याशी उभी राहिली की तिचीच सावली तव्यावर पडायची. भाकरी भाजली का हे बघायला ती तव्यावरून भाकरी उचलून अंग वळवायची, उजेडात धरायची आणि परत टाकायची. बावीस वर्षं रोज. डाळ-तांदूळ निवडायला ती सूप घेऊन पुढच्या पायरीवर जाऊन बसायची. लाइट गेली की डब्यांच्या झाकणांचा वास घेऊन हळद कुठली आणि धनेपूड कुठली ते ओळखायची. मुलगी लहान होती तेव्हा स्वयंपाकघराला 'गुहा' म्हणायची. "वेरूळला कशाला जायचं तिकीट काढून?" असं एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली. सगळे हसले. बायकोही हसली.

मी गप्प बसलो होतो, पण स्वस्थ नव्हतो. दर दोन-चार वर्षांनी मी त्या खोलीसाठी काहीतरी करायचो. पांढरा ऑइलपेंट दिला. छतापर्यंत पांढऱ्या फरशा लावल्या, स्वस्तिकाभोवती तेवढी चौकट सोडून. मागच्या भिंतीवर एका ट्यूबच्या चार केल्या, मग एलईडी आल्या तेव्हा त्या लावल्या. बायको शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमचे हे बोलत नाय, पण माझ्या स्वयंपाकघराचं लई बघतात." ते ऐकलं की मी गच्चीवर जायचो.

या दिवाळीआधी तिच्या मनगटाला वाफ लागली. कुकरचं झाकण काढताना भात झाला का हे दिसेना म्हणून वाकून बघायला गेली. कोपरापर्यंत फोड आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय, ऑपरेशनला अवकाश आहे, तोवर काम भरपूर उजेडात करा. आमची मुलगी पुण्याहून फोनवर मला म्हणाली, "बाबा, ती भिंत फोडा. आजी गेली, आता कुणासाठी ठेवलीय?"

बायको मागून म्हणाली, "तिला सांगा, त्या भिंतीनं आजीला बारा वर्षं दिली. तिला हात लावायचा नाय."

शेवटी तिनंच तोड काढली. तिच्या माहेरचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. त्या छतात चुलीच्या जरा बाजूला उजेडासाठी एक भोक ठेवलेलं असायचं, त्याला सानं म्हणतात. पाऊस आला की वर पालथं घमेलं घालायचं. "सान्यातून उन्हाचा कवडसा पडायचा," ती सांगायला लागली. "तो सरकत सरकत उखळापाशी आला की आई भाकरी बांधायची, शेतात न्यायला. आमच्याकडं घड्याळ नव्हतं. तसं सानं पाडा इथं. वरून काच बसवा."

ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं. उजेड वरून येणार होता. भिंत राहणार होती आणि माझं खोटंही तिच्यात राहणार होतं.

मिस्त्री वयस्कर, या शहरातलाच, दखनी बोलणारा. त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि वर बघायच्या आधी समोरची भिंत बोटाच्या पेरांनी वाजवली.

"साब, इधर खिडकी थी ना? खिडकी के उपर का लिंटेल वैसाच है."

"होती," मी म्हणालो.

"तो सामने का छोडके उपर से कायको घुसते? दो घंटे का काम है."

"त्या भिंतीचं नाव काढू नका, भाऊ," बायको म्हणाली. "वर बघा."

"देखता मैं, भाभी. घर तुमारा."

त्यानं घोडीवर चढून छताच्या गिलाव्यावर हातोडी मारली. दुसऱ्याच टोल्याला परातीएवढा पोपडा खाली आला. आत सळ्या दिसल्या, गंजून फुगलेल्या. तो बराच वेळ वर बघत राहिला, मग खाली उतरून हात झटकले.

"स्लॅबला छेद देता येणार नाही, साहेब," आता तो मराठीत, गंभीरपणे बोलत होता. "सळ्या गंजानं खाल्ल्यात. एक कापली तर उद्या भाभींच्या डोक्यावर येईल सगळं. मी नाही करणार. उजेड पाहिजे तर भिंत, नाही तर आहे तसं राहू द्या."

"मग राहू द्या," बायको म्हणाली आणि पोपड्याचा चुरा गोळा करायला झाडू घेऊन आली. मनगटावर पट्टी होती, म्हणून डाव्या हातानं झाडत होती. स्वतःच्याच सावलीत झाडत होती. अर्धा चुरा तसाच मागं राहत होता, तिला दिसत नव्हता.

मिस्त्री गेला. तिनं सूप घेतलं, तुरीची डाळ घेतली आणि पुढच्या पायरीवर जाऊन बसली. मी जाऊन तिच्या शेजारी बसलो. तिनं वळून बघितलं.

"काय पायजे?"

"काही नाही."

"मग बसलात कशाला?"

"तो जाणकार नव्हता," मी म्हणालो.

"कोण?"

"खिडकीचा. ऑफिसातला. कुणी नव्हताच. मीच सांगितलं होतं."

तिचा हात डाळीतून फिरत राहिला. मग मी सगळं सांगितलं. परीक्षेचं, लवकर घरी आल्याचं, चपला हातात धरून ऐकल्याचं, 'बिचारे' शब्दाचं, ताटाच्या आवाजाचं, हसण्याचं. एरवी महिन्यात बोलत नाही तेवढं त्या पायरीवर बोललो. शेवटी ती म्हणाली,

"म्हणून ताट सारायचं सोडलं तुम्ही."

मला वाटलं होतं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नसेल.

"मला वाटलं, भूक कमी झाली तुमची," ती म्हणाली. "मी भाकऱ्याच कमी थापायला लागले."

मग तिनं विचारलं, "आत्याबाई बऱ्या झाल्या त्या?"

"औषधानं."

तिनं दोन खडे वेचून बाजूला टाकले. तिसऱ्याला हात घातला आणि हात तिथंच थांबला. "आक्का," ती म्हणाली. एवढंच. मग बऱ्याच वेळानं, "मी म्हणले त्यांना, ह्या बाजूनं दोष हाय. माझ्या तोंडानं म्हणले."

"हो."

"त्यांना वाटलं असंल, मी त्यांनाच..."

"हो."

"आणि तुम्ही तिथंच उभे व्हते. वीट घेऊन."

"हो."

ती सूप उचलून आत गेली. दोन दिवस घरात दोघंही माझ्यासारखी झालो. कामापुरतं बोलणं, तेही नाही. तिच्या गप्प बसण्यात राहणं कसं असतं ते मला दोन दिवसांत कळलं. माझ्या गप्प बसण्यात तिनं उभं आयुष्य काढलं होतं. तिसऱ्या दिवशी चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "मिस्त्रीला फोन करा."

मिस्त्री छन्नी काढत होता तेव्हा तिनं त्याला थांबवलं. ओलं फडकं आणून स्वस्तिक आधी पुसून काढलं. "देवाची खूण हाय, तिच्यावर हातोडा नको," म्हणाली. "तिचा काय गुन्हा?"

मिस्त्री म्हणाला तसं दोन तासांतच झालं. पहिली वीट निघाली तेव्हा ओट्यावर पुस्तकाएवढा उजेड पडला. सगळ्या निघाल्या तेव्हा अख्खी खोली दिसली. ऊन नव्हतं, मागच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून आलेला उजेड होता, पण आम्ही दोघं डोळे बारीक करून उभे होतो. ट्यूबच्या पट्ट्यांवर तेलाचा थर होता. डब्यांच्या पाठीमागं गूळ सांडून वाळलेला होता. मसाल्याच्या डब्यातली हळद पिवळीधमक दिसत होती. बायकोच्या कानामागचे केस इतके पांढरे झालेत, हे मी त्या खोलीत पहिल्यांदा बघितलं.

"ह्या फरशा पांढऱ्या कुठं हायत?" ती भिंतीवर हात फिरवत म्हणाली. "दुधी हायत. पांढऱ्या म्हणून आणल्या व्हत्या ना तुम्ही?"

"दुकानदार म्हणाला पांढऱ्या."

"का त्याचं बी तुम्हीच सांगितलं?"

हे बोलताना ती हसली नाही, पण रागातही नव्हती. मग ती ओट्यावर हात टेकून बाहेर बघत राहिली. धुण्याचा दगड आता नाही. तिथं नव्या मालकांचं वॉशिंग मशीन आहे, वर प्लास्टिकचं झाकण.

"आक्कांकडं जाऊ या," मी म्हणालो. "दोघं."

"मी जाणारच हाय. माझं मी बघते," ती म्हणाली. "पण तुमचं मी सांगणार नाय. बावीस वर्षं तुमच्या वतीनं लई बोलले मी. ते तुमचं तुम्ही सांगायचं."

पुढच्या गुरुवारी ती एकटी जाऊन आली. मेथीची जुडी आणि तिळाची चटणी घेऊन गेली होती. आल्यावर माझ्यापुढं पाणी ठेवलं आणि सांगितलं की आक्कांना आता कमी ऐकू येतं, गुडघे धरलेत, पण ओळखलं लगेच. या वेळी आत बोलावलं, पलंगावर शेजारी बसवलं. खिडकी उघडली म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "दोष गेला का मग?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हणले, ते हेच येऊन सांगतील तुम्हाला."

त्याला आता तीन आठवडे झाले. भाकरी आता ती वळून बघत नाही, तव्यावरच बघते. परवा जेवताना मी ताट पुढं सारलं. तिनं भाकरी वाढली आणि म्हणाली, "तोंडानं मागा." मी मागितली.

आक्का बीड बायपासला मुलाकडं असतात. रिक्षानं अर्धा तास लागतो. दोष त्यांच्या बाजूनं नव्हता, माझ्या बाजूनं होता, हे समोर बसून, ऐकू जाईल अशा आवाजात सांगण्याचं मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.